एका गुणाची किंमत

(दृश्य : बालेवाडीचं टेनिस स्टेडियम. मोकळं कोर्ट, मधोमध ताणलेलं नेट.)

जानेवारी २०२३. बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडा संकुलात टाटा ओपन महाराष्ट्र ही टेनिस स्पर्धा सुरू आहे. अमेरिकन ओपन जिंकलेला मरिन चिलिच इथं खेळायला आलाय. आणि त्याच मुख्य ड्रॉमध्ये पुण्याच्या एका पोराचं नाव आहे. मानस धामणे. वय वर्षं पंधरा, वाइल्ड कार्डवर, म्हणजे आयोजकांनी क्रमवारी न बघता दिलेल्या जागेवर, प्रवेश.

समोर अमेरिकेचा मायकेल ममोह. वयानं नऊ वर्षांनी मोठा, जागतिक क्रमवारीत शंभरीच्या जवळ.

मानस हरला. २-६, ४-६.

या आकड्यांवरून घाईनं पुढं जाऊ नका. या वयाची आपली मुलं दहावीच्या वर्गात असतात. मानस त्या वयात एटीपी, म्हणजे पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसच्या, स्पर्धेतल्या खेळाडूची सर्व्हिस परतवत होता, आणि दुसऱ्या सेटमध्ये पहिल्यापेक्षा दोन गेम जास्त घेऊन आला. पराभवातही इतकं शिकून घेणारा मुलगा मला फार मोलाचा वाटतो.

(दृश्य : समुद्रकिनारा, डोंगरउतारावरची घरं.)

हे इटलीतलं बोर्दिगेरा. फ्रान्सची हद्द इथून हाकेच्या अंतरावर. प्रशिक्षक रिकार्दो पियाती यांची अकादमी याच गावात आहे. पुढं जगात अव्वल झालेला यानिक सिनर तेराव्या वर्षी घर सोडून इथंच राहायला आला होता. मानसनंही हीच अकादमी निवडली. घरापासून हजारो किलोमीटर लांब, परकी भाषा, परकं जेवण.

बालेवाडीच्या त्या सामन्यातून मानसला क्रमवारीचे किती गुण मिळाले? शून्य. पहिल्याच फेरीत हरलं की एटीपी २५० स्पर्धेत, म्हणजे विजेत्याला २५० गुण देणाऱ्या अशा स्पर्धेत, गुण मिळत नाहीत. गुण वेचायचे ते सगळ्यात खालच्या पायरीवरून, एम-१५ स्पर्धांमधून.

(दृश्य : पाठीवर रॅकेटची मोठी बॅग घेतलेला खेळाडू, विमानतळ.)

एम-१५ म्हणजे एकूण बक्षीस १५ हजार डॉलर. ट्युनिशियातल्या मोनास्टिरसारख्या गावी या स्पर्धा आठवड्यामागून आठवडे चालतात. पहिला सामना जिंकला तर हाती एक गुण. अख्खी स्पर्धा जिंकली तर १५. पहिल्याच फेरीत हरलात तर १५६ डॉलर, म्हणजे साधारण तेरा हजार रुपये. त्यातून विमानाचं तिकीटसुद्धा निघत नाही. हॉटेल, जेवण, रॅकेटच्या तारा, कोच, सगळा खर्च घरचा. प्रेक्षक म्हणाल तर पुढच्या सामन्याची वाट बघणारे दोन-चार खेळाडू. लांब गेलेला चेंडूही बरेचदा आपणच धावत जाऊन आणायचा.

ग्रँड स्लॅमच्या मुख्य ड्रॉमध्ये थेट जागा हवी, तर क्रमवारी शंभरीच्या आसपास लागते. तिथवर पोचायला शेकडो गुण लागतात. ज्युनिअर गटात कमावलेलं नाव या हिशेबात फार काळ पुरत नाही.

म्हणूनच घरच्या मैदानावरचा तो एक सामना मोठा होता. गुण शून्य मिळाले, पण वरच्या पायरीवर चेंडू किती वेगानं येतो, ते मानसला पंधराव्या वर्षीच कळलं.

(दृश्य : पुन्हा बालेवाडी.)

ही स्पर्धा १९९६ मध्ये दिल्लीत सुरू झाली आणि १९९७ पासून चेन्नईत व्हायची. २०१८ मध्ये ती पुण्यात आली आणि २०२३ नंतर ती इथंही थांबली. तिच्या जागी कॅलेंडरवर हाँगकाँग आलं. बालेवाडीत आता खालच्या दर्जाची चॅलेंजर स्पर्धा भरते. त्याबद्दल आयोजकांचे आभारच मानायला हवेत. पण मानसनंतर रॅकेट हातात घेतलेल्या पुण्यातल्या पोरांना एटीपी टूरचं वाइल्ड कार्ड मिळेल, अशी स्पर्धा त्यांच्या गावात उरलेली नाही.