ठिपका कुठे द्यायचा?

(दृश्य: सकाळ. अपशिंगे गावातलं स्मारक.)

सातारा जिल्ह्यातलं अपशिंगे. नावापुढे ‘मिलिटरी’ लावल्याशिवाय गावाची ओळख पुरी होत नाही. पहिल्या महायुद्धात या एका गावातले 46 जण कामी आले. आजचा प्रश्न मात्र वेगळा: जवानाच्या पोटात परजीवी सापडला, तर नकाशावर लागणीचा ठिपका कुठे द्यायचा?

(दृश्य: आल्याचं रान. ओट्यावर काढून ठेवलेले बूट.)

सुट्टीवर आलेला जवान दुसऱ्याच दिवशी रानात उतरतो, तोही अनवाणी. बांधाकडेला कुणी उघड्यावर बसत असेल, तर या ओल्या मातीत अंकुशकृमीच्या, म्हणजे हूकवर्म या जंताच्या, अळ्या असू शकतात. बोटांच्या बेचक्यातून त्या कातडीत शिरतात. पायाला खाज सुटते. खोबरेल चोळलं की विषय संपला, असं वाटतं. अळ्या मात्र रक्तातून फुफ्फुसात, तिथून घशाशी आणि गिळल्या गेल्या की आतड्यात. तिथे आतड्याला चिकटून रक्त पीत बसतात.

(दृश्य: काचपट्टी, मिठाच्या पाण्याचा थेंब, सूक्ष्मदर्शक.)

हे अंकुशकृमीचं अंडं. कवच इतकं पातळ की नुसती रेघ वाटावी. आत पेशींचा पुंजका. पण लागण झाल्यापासून शौचात अंडी दिसायला साधारण पाच ते आठ आठवडे जातात. तोवर सुट्टी संपलेली, जवान राजस्थानात. तपासणी तिथे, म्हणून नकाशावर ठिपकाही तिथेच. वाळवंटाला उगाच बोल!

जिआर्डियाचं, म्हणजे दूषित पाण्यातून पोटात जाणाऱ्या सूक्ष्म परजीवीचं, तसं नाही. आठवड्या-दोन आठवड्यांत पोट बिघडतं, म्हणजे गुन्हेगार बहुधा जवळच. एकाच टाकीचं पाणी पिणाऱ्यांचे ठिपके एका जागी दाटले, की आधी ती टाकी बघायची. नेहमीच्या क्लोरीनला हा जंतू सहज दाद देत नाही. पाणी उकळलेलंच बरं.

म्हणून जवानाला नुसतं ‘युनिट कुठलं?’ विचारून भागत नाही. गेल्या तीन महिन्यांत कुठे होतास, सुट्टीत रानात गेला होतास का, पाणी कुठलं प्यायलास, हेही विचारावं लागतं.

(दृश्य: पारावर बसलेले निवृत्त फौजी.)

आणि स्ट्राँगिलॉइडिससमोर तीन महिनेही तोकडे पडतात. हा कृमी त्याच शरीरात पुन्हा पुन्हा लागण करत राहतो. दुसऱ्या महायुद्धात थायलंड-ब्रह्मदेश रेल्वेवर राबवलेल्या ब्रिटिश युद्धकैद्यांत तो कित्येक दशकांनी सापडला होता.

“आजोबा, कुठे कुठे होता पोस्टिंगला?”

आजोबा बोटं मोजायला लागतात. फॉर्मवर त्यासाठी एकच ओळ आहे.