टर्बो इंजिनला पाणी पाजावं का?

टर्बो हवा दाबून सिलिंडरमध्ये कोंबतो आणि दाबली की हवा तापते, सायकलचा पंप मारून झाल्यावर हात लावून बघा, तेच. आता इतक्या तापलेल्या मिश्रणात स्पार्क पडला की ज्योत पोचायच्या आधीच कोपऱ्यातलं पेट्रोल आपोआप भडकतं, हेच नॉकिंग, पिस्टनवर घणाचे घाव. मग ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, स्पार्कचं टायमिंग मागे घेतो, म्हणजे स्पार्क उशिरा पाडतो, ताकद जाते, एक्झॉस्ट तापतो, आणि तो थंड ठेवायला जादा पेट्रोल फवारतात. जाळायला नाही, नुसतं थंड करायला! मला हे बघवत नाही.

कारण हे काम इंजिनात जाणाऱ्या हवेत फवारलेलं पाणी कितीतरी चांगलं करतं. एक किलो पाण्याची वाफ व्हायला साधारण 2250 किलोज्यूल उष्णता लागते, पेट्रोलला 350 च्या आसपास.

1962 मध्ये ओल्डस्मोबिल जेटफायर ही अमेरिकन गाडी आली. साडेतीन लिटरचा व्ही-एट, कॉम्प्रेशन तब्बल 10.25 (म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण इतक्या पट दाबायचं), वर टर्बो, आणि नॉकिंग आवरायला पाणी-मिथेनॉलचं 'टर्बो रॉकेट फ्लुइड'. बाटली संपली की बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, कमी व्हायचा, इंजिन वाचायचं. पण लोक बाटली भरायचेच नाहीत, वर गाडी ओढत नाही म्हणून तक्रार. 1963 नंतर ती बंदच झाली.

2016 च्या बीएमडब्ल्यू एम-फोर जीटीएसमध्ये डिकीत 5 लिटरची टाकी होती, बूस्ट 1.5 बार, साध्या एम-फोरचे 431 हॉर्सपॉवर इथे 500. गाडी बंद केली की लाइनमधलं पाणी टाकीत परत, म्हणजे थंडीत गोठून पाइप फुटायला नको. गाड्या मात्र मोजक्याच.

गाड्यांचे भाग बनवणाऱ्या बॉश कंपनीचा दावा पाणी फवारून 13 टक्क्यांपर्यंत इंधन वाचतं असा आहे, पण ते गाडी जोरात पळवताना. रोजच्या अर्ध्या थ्रॉटलवर नॉकिंगच नसतं, तिथे पाणी काय करणार? बाहेरून पाणी फवारायचं किट बसवणाऱ्यांना तर कळकळीने सांगतो, पाण्याच्या भरवशावर टायमिंग पुढे घेतलंत आणि नळाच्या पाण्यातल्या क्षारांनी नोझल बुजला, तर इंजिन गेलंच समजा. डिस्टिल्ड पाणी आणि फ्लो सेन्सर, त्याशिवाय हातच लावू नका.

माझी आशा एसीवर आहे. बीएमडब्ल्यूने प्रोटोटाइपमध्ये एसीचं ठिबकणारं पाणीच टाकीत घेऊन बघितलंय, म्हणजे बाटली भरायची कटकटच नाही. शिवाय उकाड्यात इंजिन जास्त ठोकतं, आणि उकाडा दमट असेल तर एसीही भरपूर ठिबकतो.