नडगीला मांस नसतं

(नागपुरात फुटबॉल खेळणाऱ्या मुलांच्या पालकांसमोर त्यांच्या प्रशिक्षकानं केलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. सगळ्यांनी जरा वाका आणि गुडघ्याच्या वाटीपासून घोट्यापर्यंत पुढच्या बाजूनं बोटं फिरवा. लाजू नका काकू, तुम्हीपण. काय लागतं हाताला? कातडी, की लगेच हाड. मागे पोटरी चांगली भरलेली आहे, पुढे मांसच नाही. आणि फुटबॉलमधली लाथ बसते ती नेमकी इथं.

मला विषय दिलाय 'कोणत्या मैदानाला कोणते स्टड', म्हणजे बुटाच्या तळाचे खुंट. त्यावर येतो. पण दुकानात गेलेला बाप आधी बूट बघतो आणि पैसे उरले तर शिनपॅड, म्हणजे मोज्याच्या आत नडगीवर बसवायची ढाल. माझं म्हणणं उलटं आहे. आधी शिनपॅड, मग बूट. हे माझ्या डोक्यात इतकं पक्कं का बसलं, ते सांगतो.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेरा वर्षांचा पोट्टा, आमच्याकडे विंगला, म्हणजे मैदानाच्या कडेनं, खेळायचा. वडील ऑटो चालवतात. एक दिवस पोट्टा बर्डीच्या बाजारातून नवे बूट घेऊन आला. नारिंगी, साडेसहा हजारांचे. मैदानाच्या कडेला बसून डबा उघडला आणि सगळी टीम भोवती जमली. मी एक बूट हातात घेतला, आत बोटं घातली, तर पुढे वर्तमानपत्राचा बोळा. म्हटलं, "काहून रे?" तर म्हणतो, "सर, एक नंबर मोठे घेतले. पुढच्या वर्षीपण होतील." घराघरात हेच चालतं. बापानं महिनाभर जास्तीच्या फेऱ्या मारून ते बूट घेतले होते, त्यांना मी काय बोलणार? शिनपॅड मात्र घेतलेच नव्हते.

रविवारी मॅच. स्पर्धेचं नाव घेत नाही. रेफरींनी पोरांना रांगेत उभं केलं आणि पॅड आहे का ते बघायला एकेकाच्या डाव्या नडगीवर टकटक करत पुढे गेले. सगळे पास. नंतर कळलं, या पोट्ट्यानं आणि आणखी एकानं एकच जोडी वाटून घेतली होती. दोघांनीही डाव्या मोज्यात एकेक सरकवला होता. मीही तपासलं नव्हतं. ती चूक माझी, आणि ती मी दर वर्षी पालकांसमोर सांगतो.

सेकंड हाफला तो उजवीकडून आत वळला आणि समोरच्या टीमच्या बचावपटूचे स्टड सरळ उजव्या नडगीवर आले. कापसाची वाळली पऱ्हाटी मोडावी तसा आवाज मला मैदानाच्या कडेला ऐकू आला. प्लास्टर लागलं, आख्खा मोसम गेला. दवाखान्यात वडिलांनी मला एवढंच विचारलं, "सर, ते पॅड कितीचे येतात?" मी म्हटलं, तीन-चारशेचे. ते काही बोलले नाहीत. त्यांच्या तोंडाकडे मला बघवेना.

शिनपॅड घातला म्हणजे हाड मोडणारच नाही, असं मी म्हणत नाही. पण माराचा जोर एका ठिकाणी न राहता पसरतो, फुटण्या-सुजण्याच्या पुष्कळ जखमा टळतात. ही अक्कल 1874 साली इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम फॉरेस्ट क्लबच्या सॅम विडोसनला आली. त्यानं क्रिकेटचे पॅड कापून लहान केले आणि मोज्यांवरून बांधले. सक्ती व्हायला मात्र 1990 उजाडलं.

आता कोणी आजोबा म्हणतील, आपले लोक तर अनवाणी खेळायचे. खरं आहे. 1911 ला आयएफए शील्डच्या फायनलला कोलकात्याच्या मोहन बागाननं ब्रिटिश फौजेच्या ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला 2-1 हरवलं, तेव्हा त्यांचा एक खेळाडू सोडून बाकी सगळे अनवाणी होते. माझी छाती अजूनही भरून येते. पण 1952 ला हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये युगोस्लाव्हियाकडून 10-1 खाल्ल्यावर आपल्याकडेही बूट सक्तीचे झाले, हेही लक्षात ठेवा.

हल्ली नवीनच खूळ आलंय. मोजे अर्ध्या पोटरीवर आणि आत काडेपेटीएवढा पॅड, कारण टीव्हीवर कोणीतरी घालतो. नियमातही आता स्पष्ट लिहिलंय की पॅडच्या मापाची जबाबदारी खेळाडूची. तेरा वर्षांच्या पोराची जबाबदारी म्हणजे कोणाची हो? आपलीच.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. स्टडचं भरभर सांगतो.

आपली काळी माती मे महिन्यात विटेसारखी होते. पिळून बसवायचे लांब स्टड ओल्या, मऊ गवतासाठी असतात. 1954 ला बर्नमधल्या वर्ल्ड कप फायनलला पाऊस होता, आदिदास कंपनीच्या आडी डासलरनं पश्चिम जर्मनीच्या बुटांना तसे स्टड लावले आणि हंगेरी 3-2 हरली. पण आपल्या उन्हाळ्यात ते जमिनीत रुततच नाहीत. सगळं वजन चार-सहा टोकांवर येतं, तळवा ठणकतो, घोटा मुरगळतो. उन्हाळ्यात टर्फ शूज घ्या, खाली बारीक रबरी दाणे असलेले. पावसाळ्यात गवतावर साधे मोल्डेड, म्हणजे तळव्याला जोडूनच आलेले, स्टड पुरतात. हाफ टाइमला स्टडच्या मधला चिखल काडीनं काढायला लावा, नाहीतर स्टड असून नसल्यासारखे. भाड्याच्या कृत्रिम टर्फवर लांब स्टड नकोतच. पाय अडकतो आणि अंग वळतं, मधे गुडघा पिळला जातो.

माप संध्याकाळी घ्या, खेळायचेच मोजे घालून. अंगठ्यापुढे करंगळीच्या रुंदीएवढी जागा, जास्त नको. बोळा घालून चालणार नाही. बुटात पाय घसरतो, नखं काळी पडतात. दहा ते चौदा वर्षांचं पोरगं टाच दुखते म्हणालं तर नखरे समजू नका. टाचेचं हाड वाढत असतं, कडक तळव्याच्या बुटानं ते दुखणं वाढतं. त्याला आराम द्या, डॉक्टरांना दाखवा. आणि ताईत, कडं, कानातली बाळी घरी ठेवा.

मागच्या टेबलावर चार मापांचे शिनपॅड ठेवलेत. घोट्याच्या जरा वरून सुरू होऊन गुडघ्याखाली दोन-तीन बोटं सुटली पाहिजेत. पोट्ट्यांना मोजे घालून एकेक करून पाठवा, दोन्ही पाय मोजू.