थ्रॉटल पोझिशन सेन्सर निवडताना

फॉर्म्युला भारत या विद्यार्थ्यांच्या स्पर्धेसाठी गाडी बांधताना ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, मेगास्क्वर्ट घ्यायचा की स्पीडुइनो, यावर तुम्ही रात्र रात्र वाद घालता. थ्रॉटल, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप, किती उघडली हे सांगणारा थ्रॉटल पोझिशन सेन्सर मात्र थ्रॉटल बॉडीबरोबर जो येईल तो. मला हे पटत नाही. तुमच्यापैकी बरेच जण केटीएम ३९० चं इंजिन वापरता. एकच सिलिंडर असल्यामुळे मॅनिफोल्डमधला (इंजिनाकडे हवा नेणाऱ्या नळीतला) दाब सतत वरखाली होतो आणि तो मोजणाऱ्या मॅप सेन्सरवर विसंबणं अवघड जातं. म्हणून तुम्ही अल्फा-एन पद्धतीकडे वळता, म्हणजे पेट्रोल किती सोडायचं हे इंजिनाचा वेग आणि थ्रॉटलचा कोन यांवरून ठरतं. अशा वेळी हा सेन्सर चुकला की सगळा फ्युएल मॅप, म्हणजे पेट्रोलचा तक्ता, चुकतो.

त्यात तुमच्या गाडीला नियमाने हवेची वाट अरुंद करणारा २० मिमीचा रिस्ट्रिक्टर, आणि तो थ्रॉटलच्या पुढे, इंजिनच्या बाजूला. बटरफ्लाय (थ्रॉटलची फिरणारी चकती) एका मर्यादेपलीकडे उघडली की हवा रिस्ट्रिक्टर अडवतो. आणखी उघडून फारसा फरक पडत नाही. खरा खेळ सुरुवातीच्या थोड्या अंशांत आहे. तिथे एका अंशाने हवा केवढी बदलते! म्हणून सेन्सर घेताना पहिल्या पाव भागात तो किती स्वच्छ वाचतो हे आधी बघा, किंमत नंतर.

जुन्या गाड्यांवर दिसायला तसाच एक डबा असतो, पण आत नुसता स्विच: एक संपर्क आयडलचा, एक फुल थ्रॉटलचा. मधलं काहीच कळत नाही. तो घेऊ नका. आपल्याला पोटेन्शिओमीटर, म्हणजे फिरवल्यावर रोध बदलणारा सेन्सर, हवा: ५ व्होल्ट, ग्राउंड आणि सिग्नल अशा तीन वायर. ओळखायची रीत सोपी आहे. मल्टिमीटर ओहमवर ठेवा आणि दोन-दोन पिना तपासत शाफ्ट फिरवा. ज्या जोडीचा रोध बदलत नाही ती दोन टोकं (५ व्होल्ट आणि ग्राउंडची), उरलेली सिग्नलची. हे न तपासता जोडलंत आणि सिग्नलच्या पिनेला ५ व्होल्ट गेले, तर एका टोकाला थेट शॉर्ट होतो आणि आतला ट्रॅक जळतो.

रेडिओच्या दुकानातला साधा पॉट (पोटेन्शिओमीटर) लावावा असं कुणाला तरी वाटतंच. तो सुमारे ३०० अंश फिरतो, बटरफ्लाय जेमतेम ९०. स्पीडुइनोचा एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) १० बिटांचा, म्हणजे १०२४ पायऱ्या. त्यातल्या तीनशेच वापरात येतील. गाडीचा सेन्सर साधारण ०.५ ते ४.५ व्होल्ट देतो, म्हणजे आठशेच्या वर पायऱ्या, अंशाला नऊ. शिवाय धूळ, उष्णता आणि थरथर सोसायला तो पॉट बनवलेलाच नाही.

सेन्सरचा प्रवास बटरफ्लायपेक्षा थोडा जास्तच हवा, नाहीतर पेडलचा जोर त्याच्या आतल्या स्टॉपवर येतो. आणि त्यात स्प्रिंग असली तरी ती रिटर्न स्प्रिंग म्हणून नियमात धरत नाहीत. थ्रॉटल बॉडीवर दोन स्वतंत्र स्प्रिंगा लागतातच. शाफ्टच्या दुसऱ्या बाजूला सेन्सर बसवल्यामुळे आकडा उलटा येत असेल, तर पोटेन्शिओमीटरच्या टोकाच्या दोन वायर बदलून काम होतं. हॉल सेन्सरला (चुंबकाच्या मदतीने कोन मोजणाऱ्या) मात्र असं कधीही करू नका, सप्लाय उलटा गेला की तो मरू शकतो. बाकी हॉल सेन्सरमध्ये घासणारं काही नसल्यामुळे बजेट असेल तर तोच घ्यावा असं माझं मत आहे.

जुना पोटेन्शिओमीटर घेणार असाल तर ऑसिलोस्कोप लावून हळूहळू फिरवा. आयडलच्या जागी ट्रॅक सर्वांत जास्त घासतो. तिथे रेषा क्षणभर उडाली, तर ईसीयूला वाटतं की चालकाने पेडल दाबलं. मग तो जादा पेट्रोल सोडतो आणि गाडी झटके देते. डिजिटल मीटरचा आकडा हळू बदलतो, त्यात ही उडी दिसत नाही.

सेन्सरचे ५ व्होल्ट आणि ग्राउंड ईसीयूकडूनच घ्या. एडीसी त्याच ५ व्होल्टच्या तुलनेत मोजतो, त्यामुळे सप्लाय थोडा हलला तरी आकडा हलत नाही. इंजिन ब्लॉकवर अर्थ केलात तर तिथून जाणाऱ्या करंटमुळे ग्राउंडच जागचं हलतं आणि हेडलाइट लावल्यासरशी थ्रॉटल हलल्याचं दिसू शकतं. तुमच्या गाडीला हेडलाइट नाही, पण रेडिएटरचा पंखा आहे ना?

कॅलिब्रेशन टेबलावर नको. सगळं गाडीवर बसवून, केबल ताणून, चालकाच्या पायाने पेडल स्टॉपपर्यंत दाबून दोन्ही टोकांचे आकडे नोंदवा. केबलला हात लावला की ते पुन्हा घ्या.