कात्रणांचा गुन्हा

श्रोतेहो, नमस्कार. चीनमधल्या उइगूर या अल्पसंख्य मुस्लिम समाजाच्या नेत्या राबिया कादिर यांच्याविषयी आज बोलायचे आहे, आणि त्याची सुरुवात आपल्या घरातून महिनाअखेरीस रद्दीवाल्याच्या तराजूत जाणाऱ्या वस्तूपासून, म्हणजे वर्तमानपत्रापासून करावी लागते.

चीनच्या ज्या शिंजियांग प्रांताला उइगूर स्वातंत्र्यवादी पूर्व तुर्कस्तान म्हणतात, तेथे राबियाबाईंनी १९७६ साली लोकांचे कपडे धुण्याचा धंदा सुरू केला आणि पुढे उरुमची या प्रांताच्या राजधानीत बहुमजली बाजार उभा केला. सरकारने त्यांना राष्ट्रीय राजकीय सल्लागार परिषदेवरही घेतले होते.

त्यांचे पती सिद्दीक रोझी १९९६ मध्ये अमेरिकेला गेले आणि तेथून चीनच्या धोरणांवर टीका करू लागले. राबियाबाई त्यांना स्थानिक वर्तमानपत्रे पाठवीत असत. ही वर्तमानपत्रे कोणत्याही गुप्त कचेरीतली नव्हती; काशगर, गुलजा अशा गावांतली रोजची दैनिके होती, चार पैसे टाकून कोणीही घ्यावीत अशी.  ऑगस्ट १९९९ मध्ये अमेरिकी संसदेच्या कर्मचाऱ्यांना भेटायला निघाल्या असताना राबियाबाईंना वाटेतच अटक झाली. मार्च २००० मध्ये न्यायालयाने निकाल दिला, तो परदेशात गोपनीय माहिती पुरविल्याचा. म्हणजे वर्तमानपत्रांचा, श्रोतेहो. बाजारात उघड विकल्या जाणाऱ्या वर्तमानपत्रांचा. शिक्षा आठ वर्षांची.

मार्च २००५ मध्ये, अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्री कोंडोलिझा राइस बीजिंगला पोहोचण्याच्या तीनच दिवस आधी, राबियाबाईंना सोडून अमेरिकेला धाडण्यात आले. आजारपणामुळे सोडले असे कारण देण्यात आले. पण सरकारांची दया पाहुण्यांच्या वेळापत्रकाकडे पाहूनच येते, असे मला वाटते. २००६ साली त्या परदेशस्थ उइगूरांच्या संघटनेच्या, जागतिक उइगूर काँग्रेसच्या, अध्यक्ष झाल्या, आणि २००९ मध्ये उरुमचीत दंगल उसळली तेव्हा चीनने तिचा ठपका त्यांच्यावर ठेवला. त्यांनी तो नाकारला.

त्या सुटल्या, काही मुले मात्र चीनमध्ये मागे राहिली. एप्रिल २००७ मध्ये अब्लिकिम या मुलाला फुटीरतावादाच्या आरोपाखाली शिक्षा झाली, आणि त्याच्यावरच्या आरोपांत इंटरनेटवर मजकूर पसरविल्याचाही समावेश होता. आईला वर्तमानपत्रांसाठी आठ वर्षे झाली होती. त्याला नऊ झाली.