दोन फुटपट्ट्या

नमस्कार श्रोतेहो.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या माझ्या शेडमध्ये भिंतीवर दोन फुटपट्ट्या टांगलेल्या आहेत. एक बाजारात मिळते तशी. दुसरी तिच्यापेक्षा किंचित लांब, मीटरमागे सुमारे 10 मिलिमीटर. कामाला लागलेलं नवीन पोरगं कधीतरी दोन्ही शेजारी धरून बघतं आणि म्हणतं, "काका, ही पट्टी चुकीची हाय की!"

मी फौंड्रीसाठी लाकडी पॅटर्न करतो. पॅटर्नभोवती वाळू ठोकायची, पॅटर्न अलगद काढून घ्यायचा आणि राहिलेल्या पोकळीत बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, रस ओतायचा. गार होताना बीड आकसतं. ते पुढं किती आकसणार हे आजच धरून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो. त्यासाठी ही वाढीव पट्टी.

कॉलेजात पोरांना डिझाइनच्या पायऱ्या शिकवतात. अडचण नीट मांडा, पर्याय काढा, नमुना करा, वापरून बघा, चुकलं तर सुधारा. पायऱ्या बरोबरच आहेत, पण माझा अनुभव असा, की चौथ्या पायरीवरून गडगडत पहिलीवर यावं लागतं. अडचणच चुकीची मांडलेली असते.

आपल्या भागातलं सगळ्यात अक्कलहुशारीचं डिझाइन कुठलं, असं कुणी विचारलं तर मी नदीकडं बोट दाखवतो. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा. राज्यभर त्याला के. टी. वेअर म्हणतात, त्यातला 'के' आपला. पावसाळ्यात पंचगंगा, भोगावती पात्र सोडून शिवारात शिरतात आणि उन्हाळ्यात त्यांच्याच पात्रात दगड उघडे पडतात. आडवी भिंत घातली तर उन्हाळ्याची सोय होईल. पण पुराचं पाणी तिच्यामागं फुगणार आणि गाळ साठत जाणार. मग भिंत गरजेपुरतीच उभी करायची. पात्रात दगडी खांब, खांबांना उभ्या खाचा, आणि पाऊस सरला की खाचांत लाकडी बरगे, म्हणजे आडव्या फळ्या. बरग्यांच्या दोन रांगा, मधे माती ठासलेली. पावसाच्या तोंडावर बरगे काढले की नदी गाळासकट मोकळी. पाणी पात्रातच साठतं, त्यामुळं कुणाची जमीन बुडत नाही. काठावरच्या मोटरी चालतात, ऊस उभा राहतो.

आता याची दुसरी बाजू. लहानपणी चुलत्यांबरोबर मी बरगे काढायला गेलोय. फळी पाणी पिऊन खाचेत आवळून बसलेली असते. वर शेवाळ, हात ठरत नाही. आकडा अडकवून चार माणसं दोर ओढतात, फळी तसूभर हलत नाही, आणि सुटते तेव्हा अशी सुटते की चौघंही मागं पडतात. दोन खांबांमधल्या एका गाळ्यात किती बरगे आणि बंधाऱ्याला किती गाळे, हिशेब तुम्हीच करा. कागदावर मात्र तीनच शब्द असतात: 'पावसाळ्यापूर्वी बरगे काढणे'.

पुढं लोखंडी बरगे आले, रबरी पट्ट्या आल्या, गळती कमी झाली. पण लोखंडाला भंगारात भाव असतो, आणि बरगे चोरीला जायला लागले. ही अडचण कुणाच्या ड्रॉइंगमध्ये नव्हती. बंधाऱ्यावरचा स्लॅब लोकांनी रस्ता करून टाकला, हेही ठरवून झालेलं नाही. बंधारा पाण्याखाली गेला की पलीकडच्या गावाला लांबचा वळसा. आणि पंचगंगेवरचा आपला राजाराम बंधारा तर शहराची फुटपट्टीच झाला आहे. जुलैत सकाळी चहाच्या आधी प्रश्न येतो, "राजारामला किती फूट?" 39 ला इशारा, 43 ला धोका. शाळेतलं पोरगंसुद्धा सांगेल.

बंधाऱ्याचं झालं. आता माझी फजिती सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका गुऱ्हाळमालकानं मला बोलावलं. म्हणाला, "मिस्त्री, काहील कधी उतरायची हे फक्त गुळव्याला कळतं. तो आजारी पडला की माझं गुऱ्हाळ बंद. काहीतरी मशीन करा." गुळव्या म्हणजे काहिलीत, त्या मोठ्या कढईत, रस आटवून गूळ करणारा कारागीर. गुळाचा पाक साधारण 118 अंशाला तयार होतो हे मला माहीत होतं. मला वाटलं, सोपं आहे. काहिलीच्या काठाला दांडा जोडला, त्यावर तापमानाचं घड्याळ, झोकात बसवून दिलं.

पहिल्याच आधणाला वाफेनं काच धुरकटली आणि काटा दिसेना. पाक फसफसून वर आला तेव्हा दांड्याचं टोक कधी पाकात, कधी फेसात. आणि काहील उचलून गूळ गार करायच्या वाफ्यात ओतताना माझा दांडा साखळीत अडकून वाकला. गुळव्या काही बोलला नाही. त्यानं पुढच्या काहिलीतला थेंबभर पाक गार पाण्यात सोडला, बोटांत वळून गोळी केली, दाबून बघितली आणि जाळ घालणाऱ्या जळव्याला हात केला. चुलवाणात चिपाड टाकणं थांबलं.

मग म्हणाला, "मिस्त्री, तुमचं घड्याळ खोटं नसंल. पण ऊस कुठल्या रानाचा, हे त्याला काय ठावं?"

खरं होतं. खारवट रानातला ऊस वेगळा, नदीकाठचा वेगळा, फाल्गुनातला तोडून चार दिवस पडलेला आणखी वेगळा. मी तीन दिवस नुसता त्याच्या शेजारी बसून राहिलो. काम तिथं सुरू झालं. त्याआधीचं सगळं वाया. नंतर हातात धरायची लांब सळई केली, बाजूच्या खुंटीवर टांगता येईल अशी. घड्याळावर आकडे ठेवलेच नाहीत. त्याची गोळी जमली त्या क्षणी काटा जिथं होता, तिथं त्याच्याच हातानं लाल रंगाचा ठिपका दिला.

मालक खूश. मला बाजूला घेऊन विचारलं, "म्हंजे आता कुठलं पण पोरगं कमी पगारावर ठेवलं तर चालंल न्हवं?" मला उत्तर सुचलं नाही. मीटरमागे 10 मिलिमीटर धरणाऱ्या मी हे आधी धरलंच नव्हतं. गुळव्या पाच हातांवर फेस काढत होता. ऐकलं असणार त्यानं.

हंगाम संपताना सहज तिकडं गेलो. सळई खुंटीवरच होती, वापरून काळी झालेली. काचेवर लाल ठिपक्याच्या पुढं एक बारीक निळी रेघ. मी गुळव्याला विचारलं, "ही कशाची?"

तो हसला. "शिळ्या उसाची," म्हणाला. "मालकाला सांगू नगा."