नवी खुर्ची, जुना घाट

इंग्लंडातल्या एखाद्या उमरावाच्या प्रासादातलं गोल टेबल अठराव्या शतकातलं आहे असं कुणी सांगितलं, की मी आधी टेप काढतो. व्यास दोनदा मोजायचा: एकदा लाकडाच्या रेषांच्या दिशेनं, एकदा आडवा. लाकूड रेषांच्या दिशेनं जवळजवळ आटत नाही, आडवं मात्र आटतं. अडीचशे वर्षांत टेबल किंचित लंबगोल होतं. दोन्ही मापं तंतोतंत जुळली, तर शंका घ्यायची. मग खण ओढून उलटा करायचा. फळीवर कमानीसारख्या खुणा दिसल्या, तर ती गोल करवतीनं कापली आहे. म्हणजे बहुधा एकोणिसावं शतक किंवा त्यानंतरचं काम.

मंडळी, यावरून मी नकलेला नाक मुरडतो असं समजू नका. थॉमस चिपेंडेल हा लंडनचा नामांकित फर्निचर कारागीर, यॉर्कशायरमधल्या ऑटलीच्या सुताराचा मुलगा. त्यानं 1754 मध्ये फर्निचरच्या नमुन्यांचं भलंमोठं चित्रपुस्तक छापलं. आगाऊ वर्गणी भरणाऱ्यांत सरदार होते, तसे इतर सुतारही होते. ते पुस्तक समोर ठेवून कुणीही खुर्ची बनवू शकत होता, आणि बनवल्याही. ज्यांना आज 'चिपेंडेल' म्हणतात, त्यांतल्या कितीतरी त्याच्या लंडनच्या कारखान्यात कधी गेल्याच नाहीत.

अस्सल माल एकत्र राहणं दुर्मीळ. स्कॉटलंडच्या डम्फ्रीज हाऊससाठी 1759 पासून घेतलेलं चिपेंडेलचं सामान 2007 मध्ये लिलावासाठी ट्रकवर चढलं होतं. तेव्हाचे युवराज चार्ल्स यांच्या पुढाकारानं साडेचार कोटी पौंडांचा व्यवहार झाला आणि ट्रक माघारी फिरले. बाकी घरांतले संच वाटण्या आणि लिलावांत फुटले. बारांतल्या सात खुर्च्या उरल्या, तर जेवणघरात पाच नव्या हव्यातच.

त्या करताना खरी अडचण महोगनीची. क्यूबा-जमैकाचं ते घट्ट, जड लाकूड आता सहजी मिळत नाही, व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत. म्हणून जाणते कारागीर मोडक्या जुन्या सामानातली फळी जपून ठेवतात. दुसरी गोष्ट पॉलिशची. आपले सुतार स्पिरिटमध्ये विरघळवतात तो चपडा पळस-कुसुमावरच्या लाखेचा. त्याचं आरशासारखं फ्रेंच पॉलिश इंग्लंडात रुजलं ते एकोणिसाव्या शतकात. 1760 च्या घाटाच्या खुर्चीवर ते चकाकताना पाहिलं की मला वाईट वाटतं. तिथं तेल आणि मेण चोळावं, हात दुखेपर्यंत.

आणि बैठकीच्या चौकटीला खालून कारागिरानं आपलं नाव, साल कोरावं. काही जण याच्या उलट करतात: नवी खुर्ची जुनी भासावी म्हणून साखळीनं ठोकतात, ड्रिलनं किडीची भोकं पाडतात. त्या भोकात बारीक तार घालून पाहा. किडा लाकडात वळणं घेत जातो. ड्रिल सरळ जातं.